आटलेलं छत

श्रावण संपायला आला होता. चार दिवस पाऊस नव्हता आणि ऊनही नव्हतं. आभाळ ओल्या घोंगडीसारखं कांजूरमार्गवर पडून राहिलं होतं. मंगळवारी धुतलेले कपडे शनिवारी सकाळीही ओलेच होते. पण वाळोत न वाळोत, आज ते दोरीवरून काढायलाच हवे होते. दोरीचं एक टोक चाळीच्या गॅलरीच्या खांबाला बांधलेलं होतं आणि दुसरं समोर उभ्या असलेल्या पिकअपच्या टपावरच्या एरियलला. आणि एरियल आज उतरवायचा होता.

गुणाजी घाडी कपडे काढत होता. एकेक कपडा अंगठा आणि बोटं यांच्यात चोळून बघितल्याशिवाय तो बादलीत टाकत नव्हता.

"ह्या लुगडा अजून बारा टक्के ओला आसा," तो म्हणाला.

"टक्के ऱ्हवांदेत," त्याची बायको रुक्मिणी दारातून म्हणाली. "ओला काय सुका, तेवढाच सांगा."

"बारा टक्के ओला म्हणजे ओलाच गो."

"मगे तसा सांगा."

गुणाजीची ही खोड आजची नव्हती. परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात एकतीस वर्षं त्याने कापड तपासलं होतं. खिडकीपाशी तिरपं टेबल, टेबलावरून सरकणारा ताका आणि ताक्यावर गुणाजीचा उजवा हात, पालथा. डोळ्याला डाग दिसतात, हाताला कापडाची चालचलणूक कळते, असं तो म्हणायचा. चांगल्या ताक्यावर शिक्का मारायचा, वाईटावर खडूने फुली. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी गेली, टेबल गेलं. हात मात्र कामावरून सुटायला तयार नव्हता. बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर चिमटीत धरून "टेरीकॉट बरं आहे, पण धुलाईला मार खाणार" असं तो त्या माणसालाच सांगायचा. बहिणीच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा रामराम करता करता त्याने मुलाच्या कोटाची बाही चोळली, खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि आत जाऊन बहिणीला सांगितलं, "कोट बरो आसा, पण अंग दुसऱ्याचा." कोट मुलाच्या शेजाऱ्याचा निघाला. लग्न तरी झालंच, मुलगा चांगला होता. पण घाडीमामांच्या हाताचं नाव चाळीत झालं ते तेव्हापासून.

पिकअप त्याचा मुलगा जयवंत चालवायचा. गाडी सरकारी लिलावातली. आधीच्या जन्मी ती कुठल्याशा धरणाच्या कामावर वायरलेसचा संच घेऊन हिंडत होती. संच सरकारने काढून घेतला, एरियल काढायचा कंटाळा केला. पुरुषभर उंचीची ती काठी, बुडाशी जाडजूड स्प्रिंग. रुक्मिणीला ती दोरीसाठी सोयीची वाटायची. जयवंतला ती वेगळ्याच कारणासाठी आवडायची. चौदा महिन्यांत दोन हवालदारांनी त्याला सलाम ठोकला होता.

शुक्रवारी गाडी पासिंगला नेली. इन्स्पेक्टरने ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला आणि मग मान वर केली.

"हा एरियल कसला?"

"वायरलेसचा, साहेब."

"परवाना?"

"वायरलेसच नाही, साहेब."

"मग एरियल कशाला ठेवलाय?"

जयवंतला काही सलामांचं सांगता येईना. इन्स्पेक्टरने दार उघडून आत डोकं घातलं. छताचं कापडी अस्तर मधोमध पोट सुटल्यासारखं लोंबत होतं आणि ड्रायव्हरच्या केसांना लागत होतं. त्याने फॉर्मच्या पाठीवर लिहून दिलं: एरियल काढणे. भोक बंद करणे. अस्तर नीट बसवणे. सोमवारी दाखवणे.

आणि सोमवार म्हणजे सोमवारच हवा होता. मुलुंडच्या भाऊराव मंडपवाल्याने गणपतीच्या हंगामाचं काम देऊ केलं होतं. बांबू, ताडपत्र्या, फळ्या, सगळ्या मंडळांना पोचवायच्या आणि विसर्जनानंतर परत आणायच्या. वर्षातले बाकीचे दिवस ही पिकअप चालायची कमी आणि उभी राहायची जास्त. भाऊरावने स्पष्ट सांगितलं होतं, "मंगळवारी सकाळी सातला गाडी पासिंगच्या कागदासकट गोडाऊनसमोर पाहिजे. नसली तर आपण वाट बघत नाय हां. दुसरा टेम्पो सांगून ठेवलाय."

"घाटकोपरला कुशनवाला आहे, त्याच्याकडे टाकतो," जयवंत म्हणाला होता.

"कापडाचा काम," गुणाजी म्हणाला, "माझ्या दारात. आणि ता मी भायर देव?"

तिथेच विषय संपला होता.

कपड्यांची बादली आत गेली आणि खंडू साळवे पाना-पकड घेऊन बाहेर आला. खंडू तिसऱ्या खोलीत राहायचा. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता. गाव सोलापूरकडचं, बोलणं पक्कं मुंबईचं.

"मामा, कापड तुमचं, लोखंड माझं," तो म्हणाला. "एकमेकांत हात घालायचा नाय."

त्याने टपावर चढून एरियलच्या बुडाला पाना लावला आणि फिरवला. एरियल फिरला. आणखी फिरवला, आणखी फिरला. चाळीतल्या चार बाया बघायला उभ्या राहिल्या, त्यांच्यासमोर त्याने तो आठ-दहा वेळा गोल फिरवला.

"वाट लागली," खंडू म्हणाला. "नट आतून आहे. पत्रा आन् अस्तर, दोघांच्या मधे. आधी अस्तर उतरवा."

अस्तर उतरवायचं काम गुणाजीने आपल्या पद्धतीने केलं, म्हणजे सावकाश. आधी ऊन अडवायच्या दोन झापा काढल्या, मग आतला दिवा, मग आरसा. स्क्रू एका वाटीत ठेवले आणि वाटीवर ताटली झाकली. दाराभोवतीची रबराची पट्टी सोडवली. तिच्याखाली कापडाच्या कडा पत्र्याला चिकटवलेल्या होत्या. जयवंतने एक कड धरून ओढायला सुरुवात केली, तशी गुणाजीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"ओढूक काय तो शिमग्याचो खांब आसा? कापड सोडवचा आसता."

गरम पाण्यात बुडवलेलं फडकं फिरवून फिरवून त्याने खळ मऊ केली आणि बोटाबोटाने कड सुटी केली. छताखाली आडव्या चार सळया होत्या. अस्तराला शिवलेल्या नेफ्यांतून त्या ओवल्या होत्या आणि त्यांची टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत अडकवलेली होती. एकेक सळई काढताना गुणाजी तिच्यावर खडूने आकडा घालत होता. चौथी सुटली तसं सगळं अस्तर त्याच्या डोक्यावर आलं. त्याच्यासोबत वीस वर्षांची धूळ, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि विड्यांची थोटकं आली.

नट गंजलेला होता. त्यावर रॉकेल सोडलं आणि मुरेपर्यंत चहा झाला. मग खंडू सीटवर उताणा, जयवंत टपावर.

"धर!"

"धरलाय!"

"काय धरलंयस? फिरतोय तो!"

"मग तू फिरवू नको ना!"

"आयला, मी नाय फिरवणार तर निघंल कसा?"

तो निघाला. जयवंतने तो गॅलरीत भिंतीला टेकून उभा केला आणि थोडा वेळ नुसता बघत बसला.

आता गॅलरीत अस्तर पसरलेलं होतं. कधीकाळी राखाडी असावं. खंडूची बायको द्रौपदी पदर नाकाला लावून म्हणाली, "मामा, ह्याच्यात काय मेलं होतं का?"

घाडींच्या घरात एक रीत होती. पडदा असो, गादीची खोळ असो, उतरवलेलं कापड धुतल्याशिवाय परत चढत नसे. तरी रुक्मिणीने एकवार विचारून घेतलं, "तसाच पुसून लावला तर? सोमवार उद्या-परवावर इलो."

गुणाजी उकिडवा बसला. उजवा हात पालथा केला, अस्तरावर टेकला, डोळे मिटले. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"सॅनफोराइज्ड," तो म्हणाला. "गिरणीतच आटवून घेतलेलं कापड. कसला गुळगुळीत फिनिश आहे बघा. आता बोटभरसुद्धा आटणार नाय. घाल गो पाण्यात."

"नक्की?"

"माझो हात सांगता."

रुक्मिणीने ते सोड्याच्या कढत पाण्यात घातलं. पाणी चहासारखं झालं, मग काळ्या चहासारखं. तीनदा बदललं. गुणाजीच्या हाताला जो गुळगुळीत फिनिश लागला होता, तो मोरीतून वाहून गेला. तो कापडाचा नव्हताच. वीस वर्षांच्या ड्रायव्हरांच्या विड्यांचा धूर आणि डोक्याचं तेल यांचा होता. त्याखालचं कापड साधं, कोरं, कधी पाणी न बघितलेलं सुती कापड होतं.

हे कळलं रविवारी सकाळी. रात्रभर पंख्याखाली अर्धवट वाळलेलं अस्तर गाडीत नेलं, आकड्याप्रमाणे सळया ओवल्या. पहिली बसली, दुसरी बसली, तिसरीला ओढाताण झाली आणि चौथी भोकापासून चार बोटं अलीकडे थांबली. गुणाजीने मोजलं. पुन्हा मोजलं. मग बोटं बदलून डाव्या हाताने मोजलं.

"बाबा," जयवंत म्हणाला, "आटलाय."

"माका दिसता."

"पन्ह्यातपण आटलाय. बाजूला बघा."

"दिसता रे, झिला."

रुक्मिणी आत गेली आणि कांदा चिरायला बसली. कांद्याची घाई नव्हती, अजून नऊसुद्धा वाजले नव्हते. गुणाजीला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"दुसरं कापड आणू," खंडू म्हणाला.

"आयतवार आहे, दुकानं बंद," जयवंत म्हणाला. " उद्या धाला गाडी लाइनीत पाहिजे."

"मग बिनअस्तराची नेऊ."

"लिहून दिलंय ना त्याने. 'नीट बसवणे' म्हणून."

गुणाजी गॅलरीच्या पायरीवर बसला. उजव्या तळहाताकडे त्याने थोडा वेळ बघितलं आणि मग तो मांडीखाली घालून त्याच्यावर बसला. एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, असं नाही. दोनदा झालं होतं. पण तेव्हा गिरणीचा ताका होता. आता मुलाचा हंगाम होता.

अर्धा तास तो तसाच होता. मग उठला आणि खंडूला म्हणाला, "गिरणीत स्टेंटर म्हणून मशीन होतं."

"बरं मग?"

"ओलं कापड आत जायचं. दोन्ही किनारी चिमट्यांत धरायच्या, ताणायचं आणि ताणलेलंच वाळवायचं. आटलेलं कापड पुन्हा पन्ह्यावर यायचं."

"ते मशीन केवढं होतं?"

"ह्या चाळीएवढं."

खंडूने चाळीकडे बघितलं. मग पिकअपकडे बघितलं. "खेचायला गाडी आहे," तो हळूच म्हणाला.

अस्तर पुन्हा पाण्यात गेलं. पहिली सळई दोरखंडाने गॅलरीच्या खांबाला बांधली, चौथी सळई पिकअपच्या मागच्या हुकाला. मध्ये ओलं अस्तर, गुडघाभर उंचीवर, झोळीसारखं. दोन्ही किनारींना बाया बसल्या: एकीकडे रुक्मिणी आणि शेजारची नलिनी, दुसरीकडे द्रौपदी आणि तिची जाऊ शकू. लुगड्याची घडी घालताना धरतात तशा त्यांनी मुठी वळल्या. खंडू आणि आणखी तिघे गाडीला मागून भिडले.

"स्टार्ट मारू काय?" जयवंत म्हणाला. "फर्स्ट गिअरमध्ये, हळूच..."

"तू गाडीत बसलंस तर तंगडी मोडीन. धक्को. बोटभर. मी सांगीन तेव्हा."

पण सुरुवात करायच्या आधी गुणाजीने चपला काढल्या. तो घाडी होता, गावच्या देवासमोर गाऱ्हाणं घालणाऱ्यांतला. त्याच्या घराण्यात गाऱ्हाणं घातल्याशिवाय विहिरीला हातरहाटसुद्धा बसवलेला नव्हता. हात जोडून, गाडीच्या मागच्या दिव्यांकडे तोंड करून तो उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचो धंदो आसा, ह्या गाडयेचा कापड आटला आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कोकणातली होती तेवढी म्हणाली.

"माझ्या हातान जा काय वाकडा-तिकडा झाला असात, ता तुझ्या हातान सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मामा," खंडू गाडीला खांदा लावून म्हणाला, "महाराजाला सांगा, मोकळा असला तर इकडून ये. आम्ही चारच आहोत."

गाडी बोटभर हलली. टायरमागे वीट सरकवली. अस्तर सरळ झालं आणि त्यातून पाणी टपकायला लागलं. गुणाजीने नखाने टिचकी मारली.

"अजून."

बोटभर. वीट.

"अजून. बायांनो, वढा! गोड बोलू नकात त्याच्याशी."

"मामा, माझ्या हाताची सालटी निघाली!" द्रौपदी म्हणाली.

"तुझी निघूदेत, कापडाची निघता कामा नये."

बोटभर. आणि कुठेतरी टक् असा आवाज झाला. सगळे होते तसे थिजले. खंडू खांद्यावर गाडी घेऊन, बाया मुठी घेऊन. गुणाजी वाकला. हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

"कापड गेला काय शिवण?" त्याने रुक्मिणीला विचारलं.

तिने मान वाकडी करून बघितलं. "शिवण. तिसऱ्या नेफ्याची. सुयदोरो आणा माझो."

"हात लावून बघू?"

"हाताक आता इचारू नकात. माका इचारा."

तशीच बसून, एका हाताने किनार धरून तिने ताणलेल्या अस्तरावर चौदा टाके घातले. तोवर खंडूने गाडी धरली होती. विटेवर त्याचा भरवसा नव्हता. तो मध्ये एवढंच म्हणाला, "मामी, बारीक नको, मोठे टाके घाला. माझी बरगडी बोलायला लागली."

ऊन नव्हतंच. मग द्रौपदी कोळशाची इस्त्री घेऊन आली. खालून पंचा धरायचा, वरून इस्त्री फिरवायची. निखारे चार वेळा बदलले. नलिनीच्या सासूने घरातून ओरडून विचारलं, आज जेवण कोणाकडे आहे की नाही.

"नवऱ्याच्या शर्टाला कधी इतकी केली नाय मी," द्रौपदी म्हणाली. "गाडीला पहिल्यांदाच."

"तुझ्या नवऱ्याचं पासिंग कधीच झालंय," खंडू म्हणाला.

दोन वाजता गुणाजीने सळया सोडवल्या आणि मोजलं. साडेतीन बोटं परत मिळाली होती. अर्धं बोट कमी होतं. अर्धं बोट खळीने घेतलं. अस्तर चढलं, नगाऱ्यासारखं नाही, पण लोंबतही नव्हतं. तिसऱ्या सळईपाशी रुक्मिणीचे टाके दिसत होते, बघायचंच म्हटलं तर.

भोकाचं काम खंडूने अस्तर चढायच्या आधी पाऊण तासात उरकलं होतं. पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये रबर, आरपार बोल्ट. वरून दोन बादल्या पाणी ओतलं, आत थेंब आला नाही. रबर द्रौपदीच्या डाव्या पायाच्या निळ्या चपलेचं होतं.

"आन् उजवीचं काय करू मी?"

"ठेव. दुसरी गाडी आली तर लागंल."

सोमवारी दहाला गाडी लाइनीत होती, साडेअकराला इन्स्पेक्टरसमोर. गुणाजी मुद्दाम सोबत आला होता, धुतलेला सदरा घालून. इन्स्पेक्टरने फॉर्मची पाठ वाचली. टपावरची चकती अंगठ्याने दाबून बघितली. दार उघडलं, आत डोकं घातलं आणि अस्तरावरून हात फिरवला. गुणाजी त्या हाताकडे बघत होता. साहेबांचा हात उताणा होता आणि बोटं ताठ होती. असं काही कळत नसतं, हे गुणाजीच्या ओठांवर आलं होतं. त्याने आपले हात पाठीमागे धरले.

"नवीन टाकलंत?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"हो साहेब, एकदम नवीन," जयवंत म्हणाला.

"नाय," गुणाजी म्हणाला. "जुनंच आहे. मी म्हटलं धुवा, आटणार नाय. ते आटलं. मग ताणून घेतलं."

जयवंतने डोळे मिटले.

इन्स्पेक्टर बाहेर आला. त्याने गुणाजीकडे बघितलं, अस्तराकडे बघितलं. त्याला बरंच काही विचारायचं होतं असं दिसलं, पण मागे सतरा गाड्या होत्या.

"परत आटेल?"

"परत धुतलं तर आटेल."

"मग धुऊ नका," तो म्हणाला आणि कागद बॉनेटवर ठेवून शिक्का मारला. शिक्का जरा वाकडा पडला. शाई जास्त होती. गुणाजीने कागद वाळेपर्यंत दोन बोटांत मोकळा धरला आणि मग घडी घालून जयवंतच्या खिशात ठेवला.

परतताना त्याने जयवंतला कांजूरच्या नाक्यावर गाडी थांबवायला लावली. "तू असोच मुलुंडाक जा. भाऊरावाक कागद आजच दाखव. उद्या सकाळची वाट बघू नको." पिकअप निघून गेली आणि तो चालत चाळीत आला.

रुक्मिणी तांदूळ निवडत होती.

"झाला?"

"झाला."

"काय म्हणालो साहेब?"

"धुऊ नका म्हणालो."

"शाणो आसा," ती म्हणाली आणि कोपऱ्यातला डबा पायाने पुढे सरकवला. "दळणाचो डबो. तांदूळ आसत, भाकरीचे. चक्की दोनाक बंद करता मेलो. आणि बारीक दळूक सांगा, मागच्या वेळेक रवो आणलंत."

गुणाजीने सदरा काढून खुंटीला लावला, बनियनवर खांद्याला पंचा टाकला, पंच्यावर डबा घेतला आणि निघाला. चक्कीसमोर सात डबे होते. त्याने आपला आठवा ठेवला आणि सातव्या डब्याच्या बाईला विचारलं, "गव्हाचं चाललंय काय तांदळाचं?"

"गव्हाचं," ती म्हणाली. "बसा. वेळ लागेल."

तो बसला.